खटला कोणाचा

सरकारी वकील उठले, मॅजिस्ट्रेटसाहेबांशी इंग्रजीत थोडं बोलले आणि खाली बसले. आम्हाला काही कळलं नाही. पण पिंजऱ्यातला आरोपी हसला, त्यावरून मी ओळखलं की आमचं वाईट झालं.

त्याच माणसानं माझ्या नवऱ्याच्या डोक्यात वल्हं घातलं होतं. खाडीवर उतारू नेईन तर मीच, दुसऱ्या कोणी न्यायचे नाहीत, असं त्याचं म्हणणं. नवऱ्यानं नेले. कवटी फुटली, एक कान गेला. त्या सकाळी कोर्टाच्या पडवीत आरोपीनं मला ऐकवलं होतं, "आज सुटतोय. उरलेलं डोकं संध्याकाळी फोडतो." त्याचा थोरला भाऊ मुंबईला कायदेमंडळात निवडून गेला होता.

रत्नागिरीतले एक वकील आमच्यासाठी येऊन बसले होते. ते वाकून म्हणाले, "सरकार खटला काढून घेतंय."

बाकावर माझ्या नि नवऱ्याच्या मध्ये बसलेली सासू म्हणाली, "पावसात होडी काढतात तसा? मंग परत पान्यात कदी घालनार?"

"ही होडी फोडूनच टाकतात, आजी."

"पन खटला आमचा! मार खाल्लान माझ्या पोरान!"

"मार तुमचा. खटला सरकारचा."

सासू ताडकन उठली. "मंग डोकी पन सरकारची फोडायची होती!"

पट्टेवाला धावला. "गप गो म्हातारे, तुलाच आत घालतील."

आमचे वकील उभे राहिले. कोर्टाच्या परवानगीवाचून खटला काढून घेता येत नाही, असं कायद्यात आहे, म्हणाले. सरकारी वकील चिडले. "फिर्यादीकडच्यांना इथं बोलायचा हक्क नाही."

"मला आहे ना?" मॅजिस्ट्रेट मराठीत म्हणाले. आम्हाला कळावं म्हणून असेल. "कारण सांगा."

"सार्वजनिक हित."

"कोणाचं?"

सरकारी वकील कागद चाळत राहिले. आरोपीच्या भावानं मुंबईहून काय निरोप धाडला होता, ते मला आजही ठाऊक नाही. कोर्टात सांगता येण्याजोगा नव्हता, एवढं दिसलं.

"परवानगी नाही. साक्षीदार बोलवा."

पहिली मीच उभी राहिले. पाहिलं ते सांगितलं.

त्याला सक्तमजुरी झाली. पुढे मॅजिस्ट्रेटांची बदली झाली. लोक म्हणाले, ह्याच खटल्यापायी. असेल. आमचे वकील म्हणत, निवडून आलेल्यांनी फौजदारीत हातच घालू नये असा कायदा हवा. मलाही वाटतं हवा. तेव्हा होती ती कायद्यातली एक ओळ, आणि ती वाचून विचारणारा माणूस खुर्चीत होता म्हणून आमचं निभावलं. दुसरा असता तर मी त्याच संध्याकाळी विधवा झाले असते.

आरोपी सुटल्यावर मुंबईला गेला आणि तिकडेच मेला. सासू म्हातारपणानं गेली. नवरा एका कानानं ऐकत, होडी वल्हवत म्हातारा झाला आणि अंथरुणात वारला. त्या दिवशी आमच्या बाकावर बसलेल्यांतली आता मी एकटी जिवंत आहे.