वाट लावणारे मामा

आमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरची माणसं पुष्कळ आली आणि गेली, टिकले ते मामा. नव्या माणसाने "तुमचं काम काय?" विचारलं की ते गंभीर चेहऱ्याने सांगत, "मी वाट लावतो." ऐकणारा हसायचा, पण ते खरंच होतं. कुठल्या कॉम्प्युटरवरची माहिती कुठल्या वाटेने कुठे जावी, हे मामा ठरवत. मामी तर शेजारणींना सांगायच्या, "आमचे हे तिकडे पगार घेऊन वाट लावतात, घरी फुकट."

एकोणीस वर्षं मामा कंत्राटावर. दर वर्षी नवा अर्ज. त्यातली एकही चौकट ते रिकामी सोडत नसत. तरुणपणी त्यांचा पहिला अर्ज परत आला होता, कारण 'वडिलांचा व्यवसाय' ही चौकट कोरी होती. वडील घर सोडून गेलेले, मुलगा लिहिणार काय? तेव्हापासून जिथे सांगण्यासारखं काही नसे तिथेसुद्धा मामा 'लागू नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहीत. या सवयीवरून मी त्यांना फार छळलंय.

यंदा नवे मॅनेजर आले आणि मामांचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं त्यांच्या मनात आलं. कंपनीची इंजिनिअर मुलगी पाहणीला आली. नेमकं त्याच दिवशी आमच्या लॅबच्या कॉम्प्युटरमधलं एक नेटवर्क कार्ड गेलं. त्याला दोन कार्डं: एक तपासणीच्या यंत्रांकडे, दुसरं वॉर्डांकडे. यंत्रांकडचं गेलं होतं. मामांनी ते बदललं, चष्मा सारखा केला आणि पडद्यावरच्या चौकटी भरायला बसले. मी मागे उभी होते. एक चौकट 'गेटवे'ची, म्हणजे बाहेर पडायच्या दाराची. ती वॉर्डांच्या कार्डावर भरलेली असते, यंत्रांच्या कार्डावर कोरीच ठेवायची असते. मामांचा हात तिथे जरा थांबला, आणि त्यांनी तीही भरली. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. नंतर त्या मुलीने येऊन त्याच कॉम्प्युटरवर थोडं इकडेतिकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि गोंधळ उडाला. वॉर्डातून रिपोर्टची मागणी यायची, आमचा कॉम्प्युटर इमानदारीत उत्तर धाडायचा, पण यंत्रांकडच्या दाराने. तिथून पुढे रस्ताच नाही.

"पाठवलाय!" मी फोनवर ओरडायची.

"आलेला नाही!" सिस्टर माझ्याहून मोठ्याने.

शेवटी कागद घेऊन मीच तीन मजले धावले. मामा आले, त्यांनी ती चौकट पाहिली, पुसली, आणि रिपोर्ट भराभर जाऊ लागले.

"बाहेर जायला दोन दारं दिली की घरातलंच माणूस चुकतं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. काय झालं ते मला तेव्हा कळलं.

दुपारी मॅनेजरांनी आम्हाला तिघांना बोलावलं. "काल या मॅडमनी मशीनला हात लावला आणि आज हा घोटाळा. असल्या कंपनीला मी काम देणार नाही. मॅडम, काय भरलंत तुम्ही तिथे?"

मुलगी पांढरीफटक पडली. "सर, मी फक्त पाहिलं... म्हणजे मला तरी तसंच आठवतंय."

सुंठेवाचून खोकला गेला, मी मनात म्हटलं. मामांची नोकरी वाचली. गप्प बसा म्हणून मी त्यांच्याकडे डोळे वटारले.

"ती चौकट मी भरली," मामा म्हणाले.

पुढच्या महिन्यापासून काम कंपनीकडे गेलं. पण त्या दिवशी, खोलीबाहेर पडल्या पडल्या मी त्यांच्यावर खेकसले, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"तिला विचारत होते ना," मामा म्हणाले. "तिला कसं ठाऊक असणार? त्या खोलीत ते फक्त मलाच ठाऊक होतं."

मला मान वर करवेना. ठाऊक मलाही होतं.