नळाला पाणी येतं त्या दिवशी

आज मंगळवार. महापालिकेच्या आरोग्य विभागाने वस्त्यांमध्ये बीपी-शुगर तपासायचं काम देण्यासाठी बाहेरच्या संस्थांना मुलाखतीला बोलावलं होतं. पडेगावच्या आमच्या छोट्या संस्थेकडून मी गेलो. हे काम माझ्या बायकोचं, सुनंदाचं. तिला जाऊन तीन महिने झाले. काम बंद पडू द्यायचं नाही, एवढं ठरवलंय.

आरोग्य विभागाच्या मॅडमनी विचारलं, "तपासणी कधी घेणार?"

"नळाला पाणी येतं त्या दिवशी."

"मग लई वाट बघावी लागंल, काका!" मॅडम म्हणाल्या.

"आठ दिवसांनी येतं. पण त्या दिवशी एकही बाई घर सोडत नाही. सुनंदा पाण्याच्या दिवशीच फिरायची."

मॅडमनी हसत लिहून घेतलं. काम आम्हालाच मिळेल, खात्री आहे.

वाचणाऱ्यांनो, तुम्हीही सांगा, तुमच्या गल्लीत सगळे घरी कधी सापडतात?

घरी येऊन सुनंदाच्या मशीनवर स्वतःचं बीपी मोजलं. एका हाताने पट्टा बांधायला जरा वेळ लागला.