दादा, चालवू?

दादा गेल्याची बातमी मला पंधरा पावलांवरून आली, आणि तीही उशिरा. तो मागच्या खोलीत होता, मी पुढं गिरणीत गहू दळत होते. याला आता महिना झाला.

दादा उंब्रजहून नौदलात गेला आणि लढाऊ जहाजांच्या इंजिनरूममध्ये नोकरी करून निवृत्त झाला. वहिनी वारल्यावर सांगलीला माझ्याकडं राहायला आला. माझी पिठाची गिरणी घराच्याच पुढच्या खोलीत. मोटर चालू झाली की घरातले दिवे मंद व्हायचे. पहिल्या दिवशी ते बघून तो हसला. त्याच्या शेवटच्या जहाजाचा पाण्यातला पंखासुद्धा विजेवर फिरायचा. पंखा, पाणबुडी शोधायची यंत्रं, स्वयंपाकघर, सगळ्यांना वीज एकाच ठिकाणची. कुणी परस्पर मोठा पंप सुरू केला तर दुसरीकडं काहीतरी बंद पडायचं, म्हणून आधी विचारायचं आणि होकार आला की मगच बटण दाबायचं. पाणबुडीच्या मागावर असताना तर मोठी इंजिनं बंद ठेवून, विजेवर हळूहळू जायचं. "आपलंच इंजिन बोंबलाय लागलं, तर पाण्याखालचं काय ऐकू येणार गं?"

पुढं त्याची फुप्फुसं गेली आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन आलं. तेव्हा त्यानं जहाजाची शिस्त घरात लावली. मी गिरणीतून ओरडायचं, "दादा, चालवू?" त्यानं भिंतीवरचा व्होल्टेजचा काटा बघून म्हणायचं, "चालव." एक दळण झालं की मी मोटर बंद करून कान द्यायचा, कारण मशीन थांबलं तर शिट्टी वाजते आणि गिरणीच्या आवाजात ती ऐकू येत नाही, हे त्यानं स्वतः वाजवून तपासलं होतं. "गिरणी हाय का जहाज, मावशी?" एका गिऱ्हाइकानं टोमणा मारला. आतून दादा म्हणाला, "जहाजावर एवढी गर्दी नसती, बाई."

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. दादा छोट्या सिलिंडरवर होता. दुपारी वीज आली, मी त्याला मशीनवर घेतलं, सिलिंडर माझ्या हातानं बंद केला आणि गिरणीकडं पळाले. दारात डब्यांची रांग होती. मी विचारलं नाही... बटण दाबलं. व्होल्टेज पडलं असणार, मशीन थांबलं असणार. मी मध्ये न थांबता लागोपाठ तीन डबे दळले. मोटर बंद केली तेव्हा शिट्टी ऐकू आली.

डॉक्टर म्हणाले, तसेही थोडेच दिवस राहिले होते. असतील. पण ते त्याचे होते.

गिरणी चालू आहे. दुसरं मला काही येत नाही. मशीन परत गेलं, भिंतीवरचा काटा तेवढा राहिला. आता मी विचारायला एकदाही चुकत नाही. बटणावर हात ठेवून आतल्या खोलीकडं तोंड करते आणि विचारते, "दादा, चालवू?" बायका डबे घेऊन उभ्या असतात. मी थांबते. आतून काही येत नाही. मग चालवते.