ओल्ड बॉइजच्या टेकडीवर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते गाडीतल्या वाळूसारखे असतात. ऑकलंडमध्ये कुणाचीही गाडी उघडा, सीटखाली थोडी तरी वाळू सापडणारच. आपण बीचवरून निघताना जँडल्स, म्हणजे चपला, झटकलेल्या असतात, टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, पिळलेले असतात, मुलांना बजावलेलं असतं. तरी ती येते आणि राहते. मग एखाद्या दिवशी जोरात ब्रेक मारला की सगळी पायाशी जमा!

परवा हिल्सबरोला मैत्रिणीकडे जेवणं झाली आणि तिने असाच ब्रेक मारला. "विशाखा, तुझ्या त्या कॉलेजचं काहीतरी सांग ना!"

कॉलेज म्हणजे आपल्याकडचं कॉलेज नव्हे हं. इथे हायस्कूललाही कॉलेज म्हणतात. आमचं म्हणजे जुनं, खासगी, फक्त मुलांचं, टेकडीवरचं. मी तिथे अ‍ॅडमिशन ऑफिसमध्ये आहे. मनुरेवाच्या घरून सकाळी निघते. धुकं असलं की टेकडीखालचं बंदर दिसतच नाही, नुसते बोटींचे भोंगे ऐकू येतात. आख्खी टेकडी हवेत तरंगतेय असं वाटतं. अशा सकाळी आलेली माणसं बोलून निघून जातात आणि नंतर मी विचार करत बसते, खरंच आली होती का ही?

* * *

नवीन होते तेव्हा ग्रॅहमने, म्हणजे माझ्या बॉसने, मला पद्धत समजावून सांगितली. जागा थोड्या, इच्छुक हीप्स, अगदी ढिगाने! ज्यांचे वडील किंवा आजोबा इथे शिकले, ते 'ओल्ड बॉइज'. त्यांच्या मुलांना जागा आधी. बाकीच्यांची चाचणी, मुलाखत, आणि मग उरलं तर.

"म्हणजे दोन रांगा?" मी विचारलं.

ग्रॅहम फार सभ्य माणूस आहे. जरा दुखावला. "छे छे, रांग एकच. काही जण थोडे लवकर येऊन उभे राहतात, इतकंच."

"किती लवकर?"

तो उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला. मीच घेतला. पलीकडे एक गृहस्थ, आवाजात आनंद मावत नव्हता. मागून बाळाचं रडणं. मॅटर्निटी वॉर्डातून बोलत होते! मुलगा झाला होता, आणि त्याचं नाव कॉलेजसाठी नोंदवायचं होतं.

"अभिनंदन! बाळाचं नाव?"

"नाव अजून ठरलं नाही."

"मग मी काय लिहू?"

"आडनाव लिहा ना," ते म्हणाले. "तुम्हाला तेवढंच लागतं!"

* * *

आमच्या कॉरिडॉरमध्ये क्रिकेटच्या, रग्बीच्या, बोटी वल्हवणाऱ्या टीम्सचे फोटो आहेत. सुरुवातीला मला सगळे चेहरे सारखेच वाटायचे. मग कळलं, ते खरंच सारखे आहेत! एका फ्रेममध्ये एक लांब नाक दिसतं. चार पावलं पुढे गेलं की तेच नाक रंगीत होतं. आणि आणखी पुढे तेच नाक समोरून धावत येतं, "गुड मॉर्निंग, मिस!" म्हणतं आणि जिना उतरून जातं.

एकदा हिवाळ्यातलं तिरपं ऊन त्या काचांवर पडलं होतं. मी एका जुन्या फोटोसमोर थांबले. मागच्या ओळीत, दोन गोऱ्या मुलांच्या मधोमध, हिरव्या कुर्त्यातली एक सावळी बाई उभी होती. क्षणभर मला काहीच विचित्र वाटलं नाही. छान दिसत होती. तिथलीच वाटत होती.

मागून मेरेआना आली. ती रिसेप्शनवर असते. माओरी आहे, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, आणि ऑफिसमधली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण.

"काय शोधतेस?"

"माझी बॅच," मी म्हटलं.

तिने काचेत बघून केस नीट केले आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "मग मला का नाही बोलावलंस फोटोला?"

* * *

मेरेआनाचाच आणखी एक.

एक साहेब आले होते. त्यांच्या मुलाच्या अर्जावर उत्तर जायला उशीर झाला होता आणि ते चिडले होते. ब्लेझरवर कॉलेजचा बिल्ला. टेबलावर बोट आपटत म्हणाले, "तुम्हाला कल्पना आहे का, माझे पणजोबा या टेकडीवर शिकले!"

"कियोरा," मेरेआना शांतपणे माओरीत नमस्कार करत म्हणाली. "माझ्या पणजोबांची होती ही टेकडी. बसा ना. चहा घेणार?"

ते बसले. चहासुद्धा घेतला. आणि जाताना, खरं सांगते, कप स्वतः विसळून ठेवून गेले!

* * *

आता प्रसादचा किस्सा. प्रसादला तुम्ही सगळे ओळखता. पुण्याचा. इथे स्टुडंट म्हणून आला, आता आयटीत आहे. माणूस प्रेमळ, पण रविवारी पान वाढलं की याचं ठरलेलं सुरू, "आपल्याकडे मेरिटला किंमत नाही हो! म्हणून तर आम्ही इकडे आलो." आमच्या घरी बसून, बाबासाहेबांच्या फोटोखाली, आमच्याच हातचा रस्सा ओरपत! माझा नवरा मिलिंद त्याच्याकडे बघायचा, हसायचा आणि म्हणायचा, "प्रसाद, भात घे अजून."

तर या प्रसादचा मुलगा अद्वैत मोठा झाला. एक दिवस फोन.

"वहिनी, तुमच्या कॉलेजमध्ये जरा बघता का?"

"चाचणी आहे. छान अभ्यास करू दे."

"ते करेलच. पण ओळखीचं काही असतं का?"

"असतं की! वडील इथे शिकलेले असले तर."

  प्रसाद हळूच म्हणाला, "वहिनी, मी होतो तिथे."

"कुठे?"

"तुमच्या हॉस्टेलच्या किचनमध्ये. स्टुडंट होतो ना, तेव्हा भांडी घासायचो. पहाटेची शिफ्ट. मोठ्या खिडकीतून ती पोरं पोहायला जाताना दिसायची. हात साबणात, आणि बाहेर नुसतं गुलाबी आभाळ. घरी कधी सांगितलं नाही कुणाला. आई म्हणायची, माझा मुलगा परदेशात शिकतो."

 इतक्या वर्षांच्या ओळखीत मला हे माहीत नव्हतं!

मी ग्रॅहमला जाऊन विचारलं. त्याने नियमांची फाइल काढली. म्हणाला, "नियमात शब्द आहे, 'अटेंडेड'."

"तो रोज अटेंड करायचा. तुमची मुलं उठायच्या आधी!"

ग्रॅहमने खरंच तो प्रश्न वरच्या मंडळींच्या बैठकीत मांडला. मंडळी हसली, हळहळली आणि नाही म्हणाली. पण ओल्ड बॉइजच्या वार्षिक जेवणाचं आमंत्रण मात्र प्रसादला आलं, पाहुणा म्हणून. गेला! सूट-टाय घालून. गोड येईपर्यंत बसला. मग उठून सरळ आत किचनमध्ये गेला आणि तिथल्या फिजियन मुलाशी गप्पा मारत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कसं होतं रे जेवण?"

"चव तीच आहे, वहिनी," तो म्हणाला. "मी पहिल्यांदाच गरम खाल्लं."

अद्वैतने चाचणी दिली, चांगली दिली, पण जागा उरली नाही. तो जवळच्या शाळेत गेला. त्याचे मित्र तिथेच होते. बातमी कळली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, डॅड." म्हणजे, झकास, काही हरकत नाही. प्रसाद अजून रविवारी येतो. मेरिटचं मात्र बोलत नाही. आता मिलिंदलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

* * *

मुलाखतीच्या वेळी मी नोंदी घ्यायला बसते. ओल्ड बॉइजच्या मुलांची मुलाखत म्हणजे नुसता उपचार. एकदा हेन्री नावाचा मुलगा आला. त्याच्या घराण्यातली चौथी पिढी. ब्लेझर जरा मोठा, बहुतेक वडिलांचाच. जागा नक्की होती. तरी ग्रॅहमने नेहमीचा प्रश्न विचारला, "तुला इथे का यायचंय?"

अशा वेळी मुलं पाठ केलेलं म्हणतात, परंपरा, शिस्त, नेतृत्व वगैरे. हेन्रीने खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. पोहुतुकावाच्या फुलांचा लाल सडा पडला होता, आणि कुणीतरी तो झाडत होतं.

"डॅड म्हणतात, इथे असताना ते खूप हॅपी होते," तो म्हणाला. "मी त्यांना कधी तसं बघितलेलं नाही. म्हटलं, इथे असतील."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. ग्रॅहमने मुलाखत तिथेच संपवली.

* * *

मिलिंदची नोकरी हॅमिल्टनला, दुधाच्या कंपनीत. आठवडाभर तो तिकडेच असतो. कधी कधी शुक्रवारी मी आणि आमची ऊर्जा त्याला आणायला जातो. ऊर्जा युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला आहे, त्यानंतर तिला मेडिसिनला जायचंय. मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, असा आमचा प्रवास.

एका शुक्रवारी असंच निघालो होतो. वायकाटो खोऱ्यातलं धुकं कुरणांवर उतरलं होतं आणि गाई त्यात अर्ध्याच दिसत होत्या, पाय नसलेल्या, ढगावर ठेवल्यासारख्या. मध्येच ती इंग्लिशमध्ये म्हणाली, "तुला माझी मैत्रीण अरोहा आठवते?"

आठवत होती. माओरी मुलगी, ऊर्जाहून थोडी मोठी. तिला माओरी आणि पॅसिफिक मुलांसाठी ठेवलेल्या जागांमधून मेडिसिनला प्रवेश मिळाला होता.

"लोक तिला म्हणतात, लकी यू. सगळ्यांसमोर. अँड शी जस्ट स्माइल्स." मग, "आई, तुला पण असं म्हणायचे?"

मी गाडीचा वेग कमी केला. तिला सांगितलं. नागपूरला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मुली नावाच्या आधी विचारायच्या, "रँक किती गं?" रँक कळला की आडनाव, वस्ती, देव, सगळं त्यांचं त्यांना कळायचं. माझे बाबा पोस्टात सॉर्टिंग करायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तो प्रश्न आला की माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा. शेवटच्या वर्षी मी वर्गात पहिल्या काही जणांत आले, तेव्हा मात्र रँक विचारायला कुणी आलं नाही.

 ऊर्जा चक्क मराठीत म्हणाली, "तुमच्या कॉलेजमधल्या ओल्ड बॉइजच्या मुलांना कोण रँक विचारतं?"

"कुणीच नाही."

"मग काय विचारतात?"

मी आठवून बघितलं. रोज ऐकते ना मी!

"विचारतात, 'बाबा कसे आहेत?'"

* * *

आणि हा शेवटचा.

ओपन डेला, म्हणजे नवे पालक कॉलेज बघायला येतात त्या दिवशी, आमच्याकडे एक म्हातारे गृहस्थ यायचे. मिस्टर बेल. टेकडीच्या पायथ्याशी वृद्धाश्रम आहे, तिथून चालत चढून यायचे. स्वच्छ दाढी, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. पालकांच्या गर्दीत खुर्ची धरून बसायचे, पाय जुळवून. आपली पाळी आली की उठून विचारायचे, "प्लीज, माझं नाव आलं का?"

त्यांची मुलगी त्यांना शोधत यायची. तिनेच आम्हाला सांगितलं. लहानपणी ते इथे मुलाखतीला आले होते. हुशार होते. पण त्यांचे वडील गोदीवर काम करायचे, या टेकडीवर त्यांना कुणी ओळखत नव्हतं. नाव आलं नाही. मग त्यांनी आयुष्यभर बस चालवली, संसार केला, बागेत डेलिया फुलवले. या कॉलेजचं नाव घरात कधी काढलं नाही. आता वय झालं आणि एकेक विसरत चालले. बायकोचं नाव गेलं, मुलीचं गेलं. ती सकाळ तेवढी राहिली.

आम्ही दर वेळी सांगायचो, "अजून नाही आलं, मिस्टर बेल." ते "थँक यू" म्हणायचे. मेरेआना त्यांना बिस्किट द्यायची. मुलगी हात धरून घेऊन जायची.

गेल्या ओपन डेला खूप धुकं होतं. ते आले, त्यांच्या खांद्यांवर दवाचे थेंब होते. बसले. पाळी आल्यावर उभे राहिले. "प्लीज, माझं नाव आलं का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आतल्या खोलीतून ग्रॅहम बाहेर आला. नियमाबाहेर एक पाऊल न टाकणारा ग्रॅहम! त्याने कोटाचं बटण लावलं, टाय सरळ केला, सगळ्या पालकांमधून वाट काढत आला आणि हात पुढे केला.

"आलं, मिस्टर बेल. तुमचं नाव आलं. वेलकम टू द कॉलेज."

 मेरेआनाने तोंडावर हात ठेवला. मुलगी दारातच थांबली होती.

म्हाताऱ्याचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू! बारा-तेरा वर्षांचं पोर दिसायला लागलं. त्यांनी ग्रॅहमचा हात दोन्ही हातांत धरला, हलवला, हलवत राहिले. मग हळूहळू हात थांबले. कपाळाला आठी पडली. त्यांनी वळून खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ग्रॅहमच्या जवळ जाऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं,

"सर, मग माझ्यामुळे कुणाचं राहिलं?"