दक्षिणेची खिडकी

आमच्या बंगळूरच्या स्वयंपाकघराला दक्षिणेकडे खिडकी होती, पण विटांनी बुजवलेली. दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून आजीने ती बुजवून घेतली होती. आजी गेली तरी अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या विटांना हात लावू देईनात. आई भर दुपारी ट्यूबलाइट लावून पोळ्या लाटायची. वर्षातून एकदा ती खिडकीचा विषय काढायची आणि अण्णा तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

नव्वदच्या दशकात अण्णांच्या चिकपेटमधल्या हार्डवेअरच्या दुकानाला एका पाइप कंपनीने सिंगापूरची सहल बक्षीस दिली. अण्णा-आईबरोबर इंग्रजी बोलायला म्हणून माझीही वर्णी लागली. तिथे एका बेटावरच्या बागेत नेलं. डोंगरावरून समुद्राकडे उतरणारा दगडी ड्रॅगन आणि पुढे सिंहाचं डोकं नि माशाची शेपूट असलेला भलामोठा पुतळा. अण्णांनी चपला काढून त्याला प्रदक्षिणा घातली. मागच्या चार जपानी पाहुण्यांनीही मुकाट्याने बूट काढले.

गाइड म्हणजे एक पोक्त चिनी बाई. ती फेंगशुई सांगत होती: पाठीशी डोंगर, समोर पाणी आणि तोंड दक्षिणेला, ही सगळ्यात शुभ जागा.

"काय म्हणते ग?" अण्णांनी विचारलं.

मी आईकडे पाहिलं आणि माझ्या जिभेला हाड उरलं नाही. "म्हणते, दक्षिण फार शुभ. त्यातून स्वयंपाकघराची खिडकी तर दक्षिणेलाच हवी. बुजवली तर लक्ष्मी बाहेरच उभी राहते."

अण्णा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते तडक बाईंपुढे उभे राहिले. "किचन? विंडो? साउथ?"

बाईंनी माझा उतरलेला चेहरा पाहिला, मग आईचा. आईने घाईघाईने पिशवीतलं तळलेलं कोडबळं काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

"येस, येस. व्हेरी लकी," बाई म्हणाल्या आणि कोडबळं कुरुमकुरुम चावत पुढे चालू लागल्या.

"पण समोर पाणी पाहिजे की," अण्णा पुटपुटले.

"शेजाऱ्यांची टाकी आहे," आई म्हणाली. इतक्या तत्परतेने तिने अण्णांना कधीच उत्तर दिलं नव्हतं.

"सरी, बरं मग," अण्णा म्हणाले.

परतल्यावर आठवड्यात विटा निघाल्या. पहिल्या सकाळी आईने गॅसवर दूध ठेवलं, ट्यूबलाइट बंद केली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर फार काही नव्हतं. टाकी, एक शेवगा आणि रस्त्यावरून ओरडत जाणारी फुलवाली. आई बघतच राहिली. दूध उतू गेलं. मला वाटलं, आता अण्णा घर डोक्यावर घेणार.

अण्णांनी येऊन स्वतः गॅस बंद केला. आईच्या पाठीकडे क्षणभर पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "उतू गेलेल्या दुधाबद्दल तुझी चिनी बाई काय म्हणाली होती? तेही स्वल्प तिच्या नावावर सांगून टाक."

"शुभ असतं म्हणाली," मी म्हटलं. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

आई मात्र खिडकीतून वळलीच नाही.