अर्धमेलं कार्ड

कुठलंही पॅनेल उघडण्याआधी भाई उजव्या हाताचा पंजा त्याच्या उघड्या लोखंडावर टेकवायचे आणि क्षणभर थांबायचे. नवख्याला वाटे, परवानगी मागतायत. अंगातली वीज जमिनीत सोडायची सवय ती. कॅन्टीनमध्येही ताट उचलण्याआधी त्यांचा हात टेबलाच्या लोखंडी पायाला लागायचा. वाढपी म्हणायचा, "भाई, आमटीला करंट नाय हो."

असा माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. त्याची सगळे थट्टा करतात, पण काही बिघडलं की आधी त्यालाच शोधतात.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात भाई इन्स्ट्रुमेंट विभाग बघत. गाव वरंधच्या रस्त्यावर. पंधरा वर्षं आखातात काढून परतलेले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पोलादपूरहून एसटीने येणारा कंट्रोल रूमचा ऑपरेटर, नोकरीत अजून कायम न झालेला.

आमच्या कंट्रोलरचा हुकूम पाच व्होल्टचा, आणि खाली प्लांटमधले व्हॉल्व्ह चालायचे चोवीसवर. पाचाचे चोवीस करायला मधे तळहाताएवढी कार्डं होती. भाईंचा जीव त्या कार्डांत.

"पाचवाला नाजूक हाय रे," ते मला सांगत. "चोवीसवाला उलटा आत शिरला, की मेला बिचारा. म्हणून सुरू करताना आधी पाच, मंग चोवीस. बंद करताना उलट." घाईत कुणी दोन्ही खटके एकदम वर केले, तर भाई त्या दिवशी त्याच्याशी बोलत नसत.

त्या वर्षी पाऊस परतत असताना एका दुपारी कूलिंग टॉवरजवळच्या सागावर वीज पडली. कंट्रोल रूममधले संगणकाचे पडदे काळे झाले. केबलमधून आलेल्या झटक्याने आठातली दोन कार्डं जळाली. त्यांच्या जागी शिलकीतली दोन लावली, आणि संध्याकाळपर्यंत प्लांट सुरू झाला. सगळे खूश. भाई मात्र उरलेली सहा कार्डं भिंगाखाली धरून बसले होते.

"चालतायत ना?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"चालतायत साहेब. पण झटका यांनी पण खाल्लाय. मेलेलं कार्ड कळतं. अर्धमेलं कळत नाय. सगळी बदलू, आणि प्रत्येक वायरीवर झेनर टाकू." झेनर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा काचेचा तुकडा. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की तो ते जमिनीकडे वळवतो.

"नवी कार्डं यायला आठ दिवस लागतील. तोवर प्लांट बंद ठेवू? चालू आहे त्याला हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी रिअॅक्टरला बॅच लागली, तेव्हा भाईंनी थंड पाण्याच्या, हाताने चाक फिरवून उघडायच्या बायपास व्हॉल्व्हशेजारी एक स्टूल नेऊन ठेवलं. बॅच संपेपर्यंत तिथून हलले नाहीत. डबाही तिथेच खाल्ला, भाकरी आणि सुका जवळा. तिसऱ्या दिवसापर्यंत "भाई सहलीला बसलेत" हा सगळ्या शिफ्टचा विनोद झाला होता. मीही हसलो होतो.

चौथ्या दिवशी दुपारी तापमानाची रेघ चढायला लागली. पडद्यावर थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा दिसत होता. मी पुन्हा हुकूम दिला. पुन्हा "उघडा". रेघ चढतच होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. पडद्यावर दिसत होता तो आम्ही दिलेला हुकूम. खाली तो कुणी पाळलाय की नाही, हे पडद्याला कळायची सोयच नव्हती.

मी भोंगा वाजवला आणि इंटरकॉम उचलला. "भाई, पाणी जात नाही!"

"उघडतोय," एवढंच ऐकू आलं.

लोक फाटकाकडे पळत होते. वर रिअॅक्टरच्या झाकणाचं गॅस्केट फुटलं आणि गरम वाफ थेट भाईंच्या उजव्या हातावर आली. त्यांनी चाक सोडलं नाही. उजवा हात निकामी झाल्यावर डाव्याने फिरवलं. रेघ थांबली, थरथरली, आणि फार सावकाश खाली आली. मी खाली गेलो तेव्हा ते स्टुलावर बसले होते. मला म्हणाले, "ते कार्ड फेकू नको रे. जपून ठेव."

त्या व्हॉल्व्हच्या कार्डावर ओरखडासुद्धा नव्हता, पण त्यातून चोवीस बाहेर पडत नव्हते. भाई रुग्णालयात असताना अहवाल तयार झाला. कारण लिहिलं होतं, व्हॉल्व्ह गंजून अडकला. कार्डाचा उल्लेख नव्हता. लिहिला असता तर आधीचा इशाराही लिहावा लागला असता. मॅनेजरसाहेब म्हणाले, "तुझं कायम होण्याचं पत्र याच महिन्यात आहे ना?" त्या शिफ्टचा ऑपरेटर म्हणून मी सही केली.

दोन आठवड्यांनी भाई हाताला पट्टी बांधून आले. नवी कार्डं पोचली होती. बोटांत सोल्डरिंग आयर्न धरवत नव्हतं, म्हणून मला शेजारी बसवलं. ते डाव्या हाताने भिंग धरत, मी झेनर जोडत होतो. "घाई नको. कथिल वितळू दे." तीन दिवस असे गेले. अहवालाबद्दल त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. त्यानंतर ते कामावर आले नाहीत. बोटं वाकेनात, असा निरोप आला.

मग मी त्यांच्या गावी गेलो. त्यांची बायको ओटीवर त्यांच्या अंगातल्या शर्टाची बटणं लावून देत होती. ती चहाला आत गेल्यावर मी म्हणालो, "भाई, त्या अहवालावर माझी सही आहे."

"बघितली मी. झेनर जोडायला बसवलं, त्याच्या आधीच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुझे हात थरथरले असते रे. सोल्डर कच्चं राहिलं असतं."

चहा झाला. ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. घाटाच्या अंगाला आभाळ शाईसारखं झालं होतं. एकदा लखलखलं. भाई बोलता बोलता थांबले, ओठ हलवत आकडे मोजू लागले, गडगडाट होईपर्यंत.

"लांब हाय अजून," ते म्हणाले. "जा तू."

पुढच्या पावसाळ्याआधी ते मुलीकडे मुंब्र्याला गेले आणि तिथेच वारले. मला दिसतात ते त्या दिवशीचे. एसटीच्या मागच्या काचेतून मी पाहिलं, तेव्हा पुन्हा लखलखलं होतं. ते पट्टीचा हात छातीशी धरून घाटाकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. या वेळी आकडे लवकर संपले.