किळस क्रमांक चार

माझ्या साडूच्या चेहऱ्याइतका निरुपद्रवी चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही. बाजारात चुकलेली पोरं पोलिसाला सोडून त्याचा हात धरतात. मेंदूची चित्रं काढणाऱ्या एका संशोधन संस्थेत तो मोठं यंत्र चालवतो आणि आत झोपलेल्या माणसांना दिवसभर ‘हलू नका’ असं बजावतो, म्हणून आम्ही सगळे त्याला ‘हलू नका’च म्हणतो. सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे, की मेहुणी त्याच्या अंगातल्या शर्टाला बटण लावत होती तेव्हाही हा तिलाच म्हणाला, "हलू नका."

"अहो, सुई माझ्या हातात आहे," मेहुणी म्हणाली. "न हलता टाका कसा घालू?"

त्या यंत्राला घाबरत नाही असा माणूस विरळा. अंगावरचं सगळं लोखंड काढायचं, कानांत बोळे घालायचे, डोक्यावर जाळीचा टोप चढवायचा आणि ज्या भोकात धड कूसही बदलता येणार नाही त्यात शिरायचं. वर ती ठकठक. पण याच्या हातून आत गेलेला माणूस सहसा घाबरत नाही. फळी आत सरकताना हा पांघरुणावरून माणसाच्या पायाचा अंगठा धरतो आणि म्हणतो, "मी इथेच आहे." हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

आता त्या संस्थेविषयी. तिथले मोठे सर एका प्रश्नाच्या मागे आहेत: लहानपणी ज्यांचे हाल झाले, त्यांचा मेंदू मोठेपणी माणसांचे चेहरे कसे वाचतो, आणि त्यातल्या काहींनाच पुढे मनाचे आजार का होतात? प्रश्न चांगला आहे. मी खोटं बोलणार नाही. पण एकदा तिथे गेलो असताना तो विचारायची रीत बघितली आणि मला शिसारी आली. पिण्याच्या पाण्याच्या मशीनशेजारी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. एका खुर्चीत घाबरलेला माणूस, दुसरीत संशोधन करणारी एक पोरगी, आणि ती खणखणीत आवाजात वाचते, "लहानपणी घरात तुमचा अपमान व्हायचा का? कधीच नाही, क्वचित, नेहमी?" मागे बाटली भरणारा कारकून बाटली भरली तरी हलत नाही. शी! माणसाची सगळ्यांत झाकलेली जखम, आणि तिच्यावर बॉलपेनाने बरोबरची खूण.

चेहऱ्यांचा पहिला संच बाहेरून विकत आणलेला होता. त्यातले नट राग दाखवताना असे काही डोळे वटारायचे, की आत झोपलेली माणसं हसायला लागायची आणि चित्र बिघडायचं. म्हणून सरांनी फर्मान काढलं, आपल्याच लोकांचे फोटो काढा. पांढऱ्या कापडापुढे आठ जण उभे राहिले. हिशेबनिसाला राग येईना. कॅन्टीनवाल्याचा आनंद दाढ दुखल्यासारखा दिसू लागला. किळस तर कुणालाच जमेना, सगळे नुसत्या ओकाऱ्या काढत होते. शेवटी माझ्या साडूला उभं केलं. फोटोवाला म्हणाला, "काहीतरी घाण आठवा."

आणि तो चेहरा आला. नाकपुड्या किंचित आक्रसलेल्या, वरचा ओठ एकाच बाजूने उचललेला, नजर खाली, समोर काहीतरी सांडल्यासारखी. सर म्हणाले, "वा! याला म्हणतात किळस!" चाळीस विद्यार्थ्यांना फोटो दाखवला, एकोणचाळिसांनी बरोबर ओळखला. संचात त्याला ‘किळस क्रमांक चार’ हे नाव मिळालं.

आम्ही महिनाभर त्याची टर उडवली. "कर की जरा तो चेहरा," मी म्हणायचो. "तुझ्या बायकोच्या हातची भाजी समोरच आहे."

"भाऊजी, तुमच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलीय ती कुणाच्या हातची?" मेहुणी म्हणायची.

तो कसनुसा हसायचा. चेहरा मात्र कधी केला नाही. एक सांगायचं राहिलं. जेवताना तो नेहमी भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणि मी पंचवीस वर्षं एकच विनोद करत आलो, "भिंतीलाही वाढा गं थोडं."

मग ती शिवणकाम करणारी मुलगी आली. बाविसेक वर्षांची, बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा. याने तिच्या केसांतल्या पिना काढवल्या, पट्टा बांधला, हातात रबरी फुगा दिला, "नको वाटलं तर दाब," म्हणून सांगितलं. अंगठा धरला. आत गेली. डोळ्यांवरच्या छोट्या आरशात चेहरे सुरू झाले. दहाव्या मिनिटाला फुगा दाबला गेला.

बाहेर काढली तेव्हा ती घामाने भिजली होती. याने पांघरूण सारखं करायला हात पुढे केला, तर तिने पाय पोटाशी ओढून घेतले.

"काका, बाहेर इतकं गोड बोलता," ती म्हणाली, "आणि आत गेल्यावर असं बघता?"

"अगं, तो फोटो आहे."

"माझी आत्या असंच बघायची. मी जेवत असले की."

त्या रविवारी तो मेहुणीला घेऊन आमच्याकडे आला आणि समोरचा चहा बाजूला सारला. मग म्हणाला, "तो चेहरा माझा नाहीच. मामांचा आहे."

सातव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत तो मामाकडे वाढला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. "मामांनी कधी हात उगारला नाही," तो म्हणाला. "फक्त मी घास उचलला की असं बघायचे. रोज. फोटोवाला म्हणाला घाण आठवा, तर मला घाण आठवलीच नाही. मामा आठवले. तो चेहरा माझ्या तोंडात इतका तयार बसला असेल, मला काय ठाऊक?"

"आणि तुमच्या त्या ‘घरात अपमान व्हायचा का’च्या फॉर्मवर काय लिहिलंत?" मेहुणीने विचारलं. सुरुवातीला चाचणी म्हणून तो कर्मचाऱ्यांकडूनही भरून घेतला होता.

"कधीच नाही," तो म्हणाला.

मला माझा भिंतीचा विनोद आठवला. मामाची किळस आलीच, पण त्याहून जास्त किळस पंचवीस वर्षं त्या भिंतीवर हसणाऱ्या माणसाची आली.

सोमवारी तो सरांपुढे उभा राहिला. हे बोलणं मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं आहे.

"सर, तो फोटो काढून टाका. पट्टा बांधतो मी आणि आत भेटतोही मीच. माणसं घाबरतात."

सर खुर्चीत सरळ झाले. "अरेच्चा! म्हणजे चेहरा त्यांच्या ओळखीचा होतो. हा दोष कसा लक्षात आला नाही?"

त्या इमारतीत नऊ डॉक्टरेट आहेत. दारात स्वागताला उभा असलेला माणूस आणि आरशातला माणूस एकच आहे, हे नवांपैकी एकालाही दिसलं नाही. ते दिसायला एक शिवणकामवाली लागली.

"मग काढता ना?"

"साठ जणांपैकी एकेचाळीस झाले हो. आता चित्र बदललं तर सगळं पहिल्यापासून. तुम्ही असं करा, मास्क लावा."

मास्क! मामा उघड्या तोंडाने आत बसणार आणि याने आपलं तोंड झाकायचं.

याने मास्क घेतला, खिशात ठेवला आणि कामाला गेला. नियम असा, की आत जाण्याआधी प्रत्येकाला संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवायचं. दिवसातून सहा वेळा, सहा वर्षं, निरनिराळ्या प्रयोगांसाठी तो एक ओळ वाचत आला होता: आपण केव्हाही, कोणतंही कारण न देता, माघार घेऊ शकता. त्या दिवशी ती वाचताना तो मध्येच थांबला. फोटोच्या वेळी त्याने सही केली होती, ती याच कागदावर.

दुपारी त्याने एका ओळीचा अर्ज दिला: ‘मी माझा चेहरा परत घेत आहे.’

"अहो, तो नियम संशोधनात भाग घेणाऱ्यांसाठी आहे," सर म्हणाले.

"प्रत्येकाला चोवीस वेळा दिसतो, सर. एवढा भाग तर कुणीच घेतलेला नाही."

"पण कारण?"

"कोणतंही कारण न देता," तो म्हणाला.

फोटो संचातून काढून टाकावा लागला. आठवड्याभरात याची बदली पलीकडच्या इमारतीत एक्स-रेच्या खोलीत झाली, ‘कामाच्या सोयीसाठी’. किळस क्रमांक चारच्या जागी सर स्वतः पांढऱ्या कापडापुढे उभे राहिले. चाळीस विद्यार्थ्यांना फोटो दाखवला. सव्वीस जणांनी ‘आनंद’ लिहिलं.

एक्स-रेत माणूस अर्ध्या मिनिटात मोकळा होतो. तिथे धरायला अंगठा नसतो. हा दोन महिन्यांत वाळून गेला. आमच्याकडे जेवायला आला तेव्हा भिंतीकडेच बसला. मी माझं ताट उचललं आणि त्याच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीचा रंग उडाला होता, हे मला पहिल्यांदाच कळलं.

मग एका सकाळी एक्स-रेच्या खोलीत फोन वाजला. ती मुलगी पुन्हा यायला तयार होती, पण तिची अट होती: काका असतील तरच. सरांचा आवाज उसासारखा गोड झाला होता. "जरा दहा मिनिटं येता का?"

हा गेला. मुलगी फळीवर झोपली होती. तिने त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"आत्ता आत कोण कोण आहेत?" तिने विचारलं.

"मी नाही," तो म्हणाला. "मी बाहेर."

तिने पाय सरळ केले. त्याने पांघरुणावरून अंगठा धरला. फळी सरकायला लागली.

"हलू नका," तो म्हणाला.

"तुम्ही पण," आतून आवाज आला.

सर म्हणाले होते दहा मिनिटं. तो पाऊण तास तिथेच होता.